फोडलेली सुपारी आणि गावची विहीर

भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात लग्न ठरलं की चार माणसांसमोर सुपारी फोडतात. एकदा फुटली की माघार नाही. माझ्या सासऱ्यांनी ती चक्क विहीर विकायला फोडली!

विहीर देवळामागची, देवस्थानाच्या जागेतली. काळ्या दगडाच्या पायऱ्यांची, बाजूला दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसांचे कोरीव दगड. गावात आलेली नवी नवरी आधी तिथे कलश भरते, मगच घरात पाऊल टाकते. मीही भरला होता, आणि शेवाळावरून घसरून सगळ्या वऱ्हाडासमोर सपशेल आपटले होते. वऱ्हाड हसलं, मीही हसले. तेव्हापासून त्या विहिरीवर माझा फार जीव.

शेजारच्या गोदामवाल्या शेठला कंटेनर वळवायला जागा हवी होती. विहीर बुजवायची, वर सिमेंट ओतायचं. त्याने आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, दोनदा "राजे" म्हटलं, आणि देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष असलेले बाबा विरघळले. झालं!

मला कळलं तशी मी गॅस बंद करून बाहेर ओट्यावर त्यांच्याकडे गेले.

"बाबा, विहीर तुमची आहे का?"

"अगं पोरी, मी अध्यक्ष हाय. ठराव करू, सह्या घेऊ."

"मीपण ट्रस्टी आहे. मी नाही करणार सही."

"ट्रस्टवर एक बाई पायजे म्हणून तुला घेतलीय," असं म्हणून ते पेपरात तोंड घालून बसले. पेपर उलटा होता. मी सांगितलं नाही. बसू दे म्हटलं तसेच!

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षात घालून भिवंडीला माझ्या वकील मैत्रिणीकडे नेलं. मैत्रिणीने चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "काका, नोंदणी झालेल्या ट्रस्टची जागा अध्यक्षाला विकता येत नाही. सगळ्यांनी मिळून ठराव केला तरी नाही. आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ते पहिलं विचारणार, विकायची गरज काय? त्यात ट्रस्टचं भलं काय? त्यांच्या परवानगीशिवाय केलेली विक्री कायदा मानतच नाही."

बाबा कप हातात धरून बसले. "म्हंजे मला विकता येत न्हाय?"

"नाही. राखता मात्र येते. डागडुजी करा, कुंपण घाला. कोणी घुसलं तर ट्रस्ट कोर्टात जाऊ शकतो."

"आणि त्या शेठला मी न्हाय बोलू शकतो?"

"बिनधास्त!"

अहो, काय सांगू! त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आवरेना. सुपारी फोडल्यापासून त्यांना धड जेवण गोड लागलं नव्हतं, हे त्यांनी परतीच्या रिक्षात कबूल केलं. शब्द फिरवला तर गावकी काय म्हणेल, या भीतीने गप्प होते बिचारे. वाटेत त्यांनी रिक्षा थांबवून जिलेबी घेतली, आणि घरी येईपर्यंत "कायद्यात बसत न्हाय, शेठ" हे वाक्य घोकत होते. मीच पाठ करून घेतलं. मला वाटलं, बरं झालं, कायद्यावर ढकललं की त्यांची लाजही राखली जाईल.

रविवारी देवळात गावकी बसली. शेठ नकाशा घेऊन आला. बाबांनी खाकरून वाक्य म्हटलं, अगदी न अडखळता. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

शेठ काही कच्चा नव्हता. नकाशाची गुंडाळी करत हसून म्हणाला, "काका, कानून छोडो. सुपारी तो आपने ही तोडी थी ना? कायदा नसता तर दिली असतीत की नाही?"

गावासमोर विचारलं होतं. हे उत्तर आम्ही पाठ केलेलं नव्हतं.

बाबांनी टोपी काढली, सगळ्या गावकीसमोर. हात जोडले. "न्हाय, शेठ. कायदा नसता तरी न्हाय. तुमी राजे बोललात, आन् मी येडा झालो. चूक माझी हाय. गावानं काय दंड लावायचा तो मला लावा, पन आमच्या सुनांनी कलश कुठं भरायचा?"

मी तोंडात दोन बोटं घातली आणि सासऱ्यांसमोर, देवासमोर, खणखणीत शिट्टी मारली.