संजीवनीने खूण मोडली नव्हती

"वैमानिकाने परतण्याची खूण धुडकावली," असे अहवालात माझ्या पत्नीविषयी लिहिले आहे.

ते चूक आहे.

आज संजीवनीला जाऊन एक वर्ष झाले. ते चूक कसे, हे मला चार दिवसांपूर्वी कळले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संजीवनी विमानचालनाची प्रशिक्षक होती. मंठ्याच्या अलीकडच्या माळावर एका युद्धपटाचे शूटिंग चालू होते आणि त्यातले जुने लष्करी विमान ती उडवत असे. पडद्यावरचा वैमानिक पुरुष, त्यामुळे तिला मिशा चिकटवाव्या लागत.

मी म्हणालो होतो, "हे विमान तुझ्यापेक्षा वयाने मोठे आहे."

"मंग आदरानं बोलते की त्याच्याशी. तुमच्याशी बोलते तसंच."

"माझ्याशी तू कधी आदराने बोललीस?"

"तेच तर सांगून राह्यले!"

विमानातला मूळ रेडिओ निकामी होता. इंजिनाच्या आवाजात वॉकीटॉकी ऐकू येत नसे. म्हणून तिनेच एक साधी रीत ठरवून दिली.

माळावर पांढरे कापड अंथरले, की खाली येऊन आणखी एक फेरी.
लाल अंथरले, की काम संपले. परत जायचे. दोन्ही दिसली तर नंतरचे खरे.

त्या दुपारी आम्ही लाल अंथरले, असे चित्रपटवाल्यांनी सांगितले. काम संपले म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची उंच क्रेन माळाच्या मधोमध आणली.

तरीही ती खाली आली.

समोर क्रेन, क्रेनभोवती माणसे. तिने विमान वळवले. इतक्या खालून ते वळण त्या विमानाला पेलले नाही.

खालच्या एकाही माणसाला खरचटले नाही.

चित्रपटवाल्यांच्या एका शब्दावरही माझा विश्वास नव्हता.

तिघांच्या जबाबात एकच वाक्य, तेही स्वल्पविरामासकट. लाल कापड पोलीस येण्यापूर्वीच घडी करून गाडीत ठेवलेले. दिग्दर्शक सांत्वनाला आले, ते पूर्ण वेळ आमच्या पंख्याकडे पाहत बसले.

माझा निष्कर्ष ठरला होता. आणखी एक टेक हवा म्हणून यांनी पांढरे अंथरले, आणि अपघात झाल्यावर लाल बाहेर काढले.

मी तक्रारी केल्या. स्मरणपत्रे पाठवली. तिचा एक सहकारी "होतं असं, सर," एवढेच म्हणाला, तर हाही त्यांनाच मिळालेला आहे असे माझ्या मनात आले. त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही.

चार दिवसांपूर्वी सकाळी एक बाई दारात आल्या. त्या माळालगतच्या शेतात कापूस वेचायला आसपासच्या पाच-सहा गावांतून बायका येतात. त्यांतल्या त्या एक.

"खुर्चीवर बसा."

"न्हाई सर, बराबर हाय इथं." त्या फरशीवरच बसल्या.

"तुम्हाला कोणी पाठवले?"

"कोनी न्हाई. यष्टीनं आले."

"चित्रपटवाल्यांनी?"

"ते मला कशाला धाडतेत? त्यांचं लालच व्हतं, सर. पांढरं आमचं व्हतं."

मला काही कळेना. त्यांनी सांगितले.

वेचलेला कापूस टाकायला त्या शेतात जुनी धोतरे अंथरतात. रोज पाहून त्यांना एवढे समजले होते, की पांढरे अंथरले की ताई खाली येते. ताई त्यांच्या ओळखीची. दुपारच्या सुट्टीत ती मिशांसकट त्यांच्यात भाकरी खायला बसत असे.

"आखरीचा दिस हाय म्हनले. उद्या ताई जानार. म्हनलं, येकडाव जवळून बघावं. कापूस बाजूला केला अन् दोन धोतरं जोडून माळाच्या कडंला टाकली. लाल कशाचं असतं, आमाला काय म्हाईत?"

मग म्हणाल्या,

"आली, सर. हात बी केला तिनं."

 मग मी जे बोललो ते शोभणारे नव्हते.

"वर्षभर गप्प का राहिलात?"

"भ्याले. धोतरं लगीच उचलून परत कापसाखाली घातली. मंग कोनीतरी म्हनलं, त्या बाईनं ऐकलं न्हाई म्हनून पडली. तवापून घास उतरंना. ती ऐकूनच आल्ती, सर."

ती ऐकूनच आली होती.

"माझं नाव लिवा कागदावर. सही करते मी. येते मला सही."

मी कागद आणला. साक्षीदाराच्या नावाशिवाय फाईल पुन्हा उघडणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. वर्षभर मी याच एका साक्षीदाराच्या शोधात होतो.

"धोतरे अंथरायला आणखी कोण होते?"

"आमी चौघी."

"घरी माहीत आहे?"

"बिलकुल न्हाई. सुनंला बी सांगितलं न्हाई."

मी पेनाला टोपण लावले.

"लिवा ना, सर!" त्या चक्क रागावल्या. "तिला खोटी म्हनून राह्यले लोक, अन् तुमी टोपन लावता?"

मी लिहिले नाही. त्यांना बसस्थानकापर्यंत सोडून आलो.

दिग्दर्शक महोदय, आपल्या लोकांनी लाल कापडच अंथरले होते. आपल्यावरील आरोप मी लेखी मागे घेतला आहे आणि येथे जाहीर क्षमा मागतो. जबाबांतले ते स्वल्पविराम मला अजूनही खटकतात, पण तो माझा स्वभाव आहे.

अहवाल आहे तसाच राहील. म्हणून हे इथे लिहिले.

त्या बाईंचे नाव-गाव कोणी शोधू नये. तुमच्यातले दोघे-तिघे शोधतील, असा मला दाट संशय आहे. त्यांना एवढेच सांगतो, की मला विचाराल तर उत्तर मिळणार नाही.

संजीवनी, तो शेरा तुझ्या नावापुढे मी राहू दिला. तुला विचारायची सोय नव्हती. चुकलो असेन तर रागव.

येतो. तुला माझा मनःपूर्वक नमस्कार.