पेशींचा कासरा

नाना गेल्याचा निरोप एरंडोलला पोचला तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होते. रडू आलं नाही, संताप आला. माझा हा थोरला भाऊ देवपुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, आणि मेला कशाने, तर तंबाखूने. गालाचा कॅन्सर. सगळं कळत होतं मेल्याला! पढतमूर्ख म्हणतात तो आणखी वेगळा असतो का?

शिकवायचा मात्र असा की... सुट्टीत भडगावच्या घरी येऊन ओट्यावर बसला की गल्लीतली म्हातारी माणसंही ऐकत बसायची. शरीरातली पेशी ठरावीक वेळाच दुभंगते, मग थांबते, म्हातारी होते. तिला थांबवणारी जनुकं म्हणजे बैलाचा कासराच समजा, म्हणायचा. "कासरा तुटला की बैल उधळतो. पेशीचा तुटला की गाठ. म्हातारं होणं ही शरीराची शिस्त आहे शालू, खोड नव्हे." आणि हे सांगता सांगता तळहातावर तंबाखू-चुना मळायचा. मी म्हणायचे, "नाना, तुझा कासरा तूच तोडतोयस." तो हसायचा आणि बार भरायचा. शी! त्या हसण्याची मला अजून किळस येते.

त्याच्या लेकीचा, सुनंदाचा साखरपुडा भडगावच्या घरीच झाला. व्याही भरीत-भाकरीवर ताव मारत नानाचं जनुकपुराण ऐकत होते, माना डोलावत होते. पुढे लवकरच नानाच्या गालात गाठ निघाली. मुंबईला नेलं, चिरलं, शेक दिले. शेवटी तोंड उघडेना, पेज नळीने. खोलीत असा वास की सख्खी माणसं उंबऱ्यावरून विचारपूस करून फिरायची. सुनंदा तेवढी आत बसायची.

आमच्याकडे दुखवट्याला येणं म्हणजे 'दारावर येणं'. व्याही दारावर आले, गळा काढला, चहा प्याले. मग मला बाजूला घेऊन, तंबाखू मळत, हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, नानानीच सांगेल व्हतं ना, बठ्ठं जनुकमा ऱ्हास म्हनीसन. मंग पोरगीना आंगमा बी ते शेच ना!"

सगळं जनुकात असतं, म्हणून नानाचा रोग म्हणे पोरीच्याही अंगात! सोयरीक मोडली. माझ्या भावाचं शिकवणं त्याच्याच लेकीवर फेकलं, आणि फेकून बार गालात! व्यसनाने तुटलेला कासरा लेकरांच्या रक्तात उतरत नाही, हेही नानाने त्याच पंगतीत सांगितलं होतं. तेवढंच नेमकं यांच्या कानात शिरलं नाही. थुंकावंसं वाटलं मला, देवाशपथ.

पण परक्यांना काय बोलायचं? घरचे तरी कुठे धुतल्या तांदळाचे! आमचे चुलतभाऊ आबा म्हणाले, "लग्न वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. पुढच्या पाव्हण्यांना हार्टफेल सांगू." सगळ्यांनी माना हलवल्या. बापाचं मरणसुद्धा खोटं सांगायचं, म्हणजे पोर खपेल!

जळगावचे पाहुणे आले. मुलगा शांत, नोकरीतला. आबांनी हार्टफेल सांगितलं. सुनंदा पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. म्हणाली, "हार्टफेल नाही. नाना कॅन्सरने गेले. तंबाखू खायचे." पोहे तसेच राहिले, पाहुणे उठले. मुलगा दारात जरा घुटमळला, पण आईने हाक मारली तसा गेला. आबांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलंय.

"कशाला बोललीस गं बाई?" मी म्हटलं.

"आत्या, खोटं सांगून त्या घरात गेले असते तर जन्मभर तिथं बापाचं नाव काढायची चोरी."

काल मी नानाची खोली झाडायला घेतली. खिडकीखालच्या भिंतीवर त्याच्या पिचकाऱ्यांचे ओघळ, तपकिरी, चिकट. नाक मुरडून मी ओलं फडकं आणलं, तर सुनंदाने हात धरला.

"राहू दे आत्या. रविवारी दुसरे येताहेत. त्यांना इथंच बसवायचंय."