रेडिओ आणि जांभळा डाग

आई मंगळवारी गेली. आज तिचं कपाट आवरताना रेडिओ हाती लागला आणि कोथरूडच्या घरातली एक दुपार आठवली. तेव्हा मी घरीच संगणकावर इमारतींचे नकाशे काढत असे. संध्याकाळपर्यंत डोळे शिणून जात. बाबांच्या मागे आईला आतल्या खोलीत एकटीला बसवत नसे, म्हणून ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बारीक आवाजात रेडिओ ऐके. एकदा माझ्या अवजड मॉनिटरच्या कडेला जांभळा डाग उमटला. दुरुस्तीवाल्याने तो दोनदा घालवला, तरी परत आला. मग त्याने मॉनिटरशेजारी ठेवलेला रेडिओ थोडा सरकवला, तसा डागही सरकला. “आजी, याच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, त्यानं रंग बिघडतात. हा आत ठेवा.” “म्हणजे तुमचं यंत्र सोवळ्यात म्हणायचं,” आई म्हणाली आणि रेडिओ घेऊन आत गेली. आता ही तिथेच बसणार, असं मला वाटलं. पण ती रिकाम्या हातांनी परतली आणि त्याच खुर्चीवर बसली. “रेडिओ ऐकायचा नाही का?” मी विचारलं. “त्याच्यासाठी कोण बसत होतं इथे?” ती म्हणाली. आता माझ्या टेबलावर सपाट पडदा आहे. रेडिओ त्याला टेकून ठेवला आहे, आणि रंग बिघडत नाहीत.