अकरावी मोटार

नदीकाठच्या आमच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, अकरा शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी आहेत आणि अकराही जणांनी ऑटो बसवलेलं आहे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एकेकट्याने पाहिलं तर मोठी सोय. पण सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि अकरा एकदम सुरू झाल्या की डीपीच जळते. मग नवी येईपर्यंत सगळ्यांचीच पिकं वाळतात. तरी ऑटो काढायला कोणी तयार नाही. "त्याने काढलं की मी काढतो" म्हणणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे, आणि त्यांत पहिला माझा थोरला भाऊ.

मी पुण्यात कारखान्यांच्या यंत्रणा आखते. कुठलं यंत्र आधी आणि कुठलं नंतर चालू व्हावं, हेच माझं रोजचं काम. गेल्या उन्हाळ्यात नवी डीपी बसली तेव्हा मी अकराही जणांना समाजमंदिरात बसवलं, प्रत्येक मोटारीला टायमर लावायला लावला आणि नंबर ठरवले. लाईट आली की पहिली लगेच, दुसरी तीन मिनिटांनी, असं करत अकरावी अर्ध्या तासाने. अकरावा नंबर आमचा ठेवला, म्हणजे कोणाला तोंड उघडायला जागा नको. नारायणगावच्या मार्केटला जायचे टोमॅटो फुलात होते, भावाचं सगळं वर्ष त्यांच्यावर होतं. तरी त्याने मुकाट सही केली.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण टायमर सगळ्यांत आधी हाच बदलणार, याची मला खात्री होती. लहानपणी एकही डाव तो माझ्याशी सरळ खेळला नाही. म्हणून सगळ्यांदेखत मी टायमर बसवलेल्या आमच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप ठोकलं आणि किल्ली घेऊन पुण्याला आले. बाकी दहा पेट्या उघड्याच होत्या.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "अगं, आपलं पाणी..." एवढंच तो बोलला. "नियम म्हणजे नियम," म्हणून मी फोन ठेवला. पुढचे फोन उचललेच नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी घरी गेले. डीपी शाबूत होती. आसपासची शेतं हिरवी, आणि आमच्या टोमॅटोंनी तारेवरच माना टाकलेल्या, फुलं सरीत गळून पडलेली. बांधावर तासभर उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. लाईट यायची, वीस मिनिटांत जायची, पुन्हा यायची. दर वेळी टायमर पहिल्यापासून मोजायला लागायचा. आठवा, नववा, दहावा नंबरवाल्यांनी आपापले टायमर केव्हाच कमी करून घेतले होते. अकरावीची पाळी आठवडाभर आलीच नव्हती. लाईट सलग राहील असं मी कागदावर गृहीत धरलं होतं. या गावात जन्मलेल्या बाईने!

राग स्वतःचा आला होता, निघाला त्याच्यावर.

"दादा, अक्कल गहाण टाकली होतीस का? कुलूप तोडायचंस ना!"

"तोडलं आसतं की. एका दगडाचं काम व्हतं." तो माझ्याकडे बघतही नव्हता. "पण समद्यांम्होरं माझ्या एकट्याच्या पेटीला कुलूप लावलंस. तोडलं आसतं, तर तूच खरी ठरली आसतीस."

मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागले. ती पुण्यातच राहिली होती.