घारे डोळे

ओव्याच्या धुरीचा वास आला की कुडपणचं धुक्यात बुडालेलं आमचं घर आठवतं. माझी लेक चार महिन्यांची झाली आणि तिचे डोळे घारे निघाले. माझे काळे, नवऱ्याचेही काळे. नवरा कामाला मुंबईत, त्यामुळे गावात कुजबुज सुरू झाली आणि सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एका सकाळी लेकीला धुरी देताना, महाडच्या कॉलेजात शिकणारी माझी नणंद त्यांना म्हणाली, "घारेपण आईबापांत लपून राहतं. दोघांकडूनही आलं तरच पोरात दिसतं. आपल्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या याच चार वाड्यांत, म्हणून ते आपल्यातल्या बऱ्याच जणांत असणार." सासूबाई लेकीला उचलून दाराशी गेल्या. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्या मऊ, पांढऱ्या उजेडात त्या कितीतरी वेळ तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. "माझ्या आयचं डोळं असंच व्हतं गो," त्या हळूच मला म्हणाल्या. "मी ल्हान असतानाच गेली ती. तिचं तोंडच मला आठवत नव्हतं." लेक आता शाळेत जाते. सासूबाई तिला नावानं हाक मारत नाहीत, 'आये' म्हणतात.