मोठ्या गाडीचे ब्रेक

सिमेंटचा ठोकळा फुटला आणि गाडीचा पुढचा कोपरा माझ्या मुलाच्या छातीवर आला. आवाज मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा झाला. मी शेडच्या दारात झेंडूची फुलं ओवत बसले होते. वळून बघितलं तर गाडीखालून त्याचे पाय बाहेर, आणि एक टाच फरशीवर घासत होती.

"आये," तो म्हणाला, "दम घेता येईना."

जॅक पूजेत होता.

दसऱ्याची सकाळ होती. आमचं गॅरेज भाजे गावात, गडाच्या पायथ्याला, घराला लागून पत्र्याची शेड. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पुसून घरात मांडतो. पाने, पकडी, हातोडे, जॅक, ज्यांच्यावर गाडी उभी करतात ते लोखंडी घोडे, शेतातली पहार, कोयता. त्यांना हळद-कुंकू, फुलं. दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय त्यातलं काही उचलत नाही. दरवर्षी तोवर शेड रिकामी असते, गिऱ्हाइकांच्या गाड्या आधीच देऊन टाकतो. त्या वर्षी एक राहिली.

ती तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्याची होती. दोन दारांची, लाल, जमिनीला टेकलेली. त्या कंपनीच्या दोन गाड्या वरून सारख्याच दिसतात. एक साधी, एक मोठ्या ताकदीची. याने साधी घेतली आणि पोटात मोठीचं सामान घालायचं ठरवलं. ठोकर लागून भंगारात गेलेल्या मोठ्या गाड्यांचे सुटे भाग तो कुठून कुठून आणायचा. आधी सायलेन्सर आला, मग स्प्रिंगा, शेवटी ब्रेक. माझा मुलगा ते बसवायचा. भोकाला भोक जुळलं की लहान पोरासारखा खूश व्हायचा.

"मग त्यानं पहिल्यापासनं मोठीच का न्हाई घेतली?" मी विचारलं होतं.

"सगळ्यांनी मोठीच घेतली तर मी काय करू? तुझ्यासंगं भात लावू?"

"लाव की. चिखलाची लाज वाटती व्हय?"

"चिखलाची न्हाई गं, तुझ्या तोंडाचं भ्या वाटतं."

मोठ्या गाडीचे ब्रेक बसले. चाकामागची लोखंडी तबकडी जेवायच्या ताटाहून मोठी. पण आता त्यांच्यावर जुनी चाकं बसेनात, रिम ब्रेकला अडत होती. मोठी चाकं मालक दसऱ्याला आणणार होता. जुनी त्याने घाईने कुणाला तरी देऊन टाकली होती. म्हणजे गाडीला एकही चाक नव्हतं, ती घोड्यांवर उभी होती, आणि घोडे पूजेत न्यायचे होते. मुलाने बांधकामातले पोकळ ठोकळे आणून गाडी त्यांच्यावर ठेवली. सून म्हणाली, "घोडं ऱ्हाऊ द्या, त्यांना हितंच फूल वाहू." तो म्हणाला, "पूजा करायची तर पुरी करायची." पूजेचं नाव निघाल्यावर आमच्या घरात मी काय, कुणीच अडवलं नसतं.

एरवी गाडी वर घेतली की काढलेलं चाक तो गाडीखाली आडवं सारतो. गाडी निसटलीच तर चाकावर बसावी म्हणून. त्या दिवशी सारायला चाक नव्हतं.

सकाळी मालकाचा फोन आला की चाकं घेऊन निघालोय. मुलगा शेडमध्ये गेला, तर एका ब्रेकखाली तेलाचा थेंब दिसला. "हत्यार लावत न्हाई, नुसतं बघतो," म्हणाला आणि गोणपाट टाकून खाली सरकला. बघण्यात पूजा मोडत नव्हती.

ठोकळा फुटला तशी मी घरात धावले. सून मागून आली. "आत्या, पूजा," एवढं म्हणाली आणि तिनंच तोंड मिटलं. मी जॅक ओढला. समई आडवी झाली, तांब्या लवंडला. जॅक नेला तर तो गाडीखाली शिरेना. गाडी आधीच बुटकी, त्यात बसलेली. मुलगा तिला नेहमी आधी फळ्यांवर चढवायचा आणि मग जॅक घालायचा. चाकांशिवाय कशी चढवणार? मी पुढच्या कडेला जॅक लावून बघितला, तिथलं प्लास्टिक तुटून हातात आलं.

परत घरात गेले आणि पहार आणली. दगडावर टेकवून तिच्यावर अंगाचा भार टाकला. गाडी जराशी उचलली.

"आली," तो म्हणाला. "हवा आली."

"सरक."

"न्हाई सरकता येत."

सून त्याला ओढायला वाकली, तेवढ्यात पहार निसटली आणि गाडी परत खाली आली. आता तो काही बोलला नाही. दोघी पहारेवर बसलो तर त्याला ओढायला कुणी नाही. एक ओढायला गेली तर दुसरीच्याने गाडी तो निघण्याइतकी वर येत नाही. दुसरा हिशेब नव्हता. शेजारचे सगळे देवळात गेले होते. मी पहार परत घातली, त्याला दम तरी घेता यावा म्हणून सुनेला तिच्यावर पालथी पाडली, म्हटलं, "उठू नको, मेलीस तरी उठू नको," आणि रस्त्यावर पळाले.

सुट्टी होती. गड बघायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. पहिल्या गाडीच्या बोनेटवर मी हात आपटला. काच खाली झाली.

"मावशी, इथे पार्किंग मिळेल का?"

"उतरा. माझा मुलगा गाडीखाली मरतोय."

"आम्ही कुणाला धडक नाही दिली हो," मागची बाई म्हणाली.

"तुमच्या गाडीखाली न्हाई. उतरा."

काच वर गेली, दारं आतून बंद झाल्याचा आवाज आला. मी खालचा दगड उचलला. तेव्हा मागच्या जीपमधले लोक उतरले. पाठीवर पिशव्या घेतलेले बाप्ये होते, बायकाही होत्या. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "कुठे?" तेवढंच.

त्यांनी कडेला हात घातले. एकजण ओरडला, "आता!" गाडी उचलली. मी एक पाय धरला, सुनेने दुसरा, आणि त्याला गोणपाटासकट ओढला. त्याचे ओठ जांभळासारखे झाले होते. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते.

त्याच वेळी मालकाचा टेम्पो दारात लागला. मालक उतरला. त्याने आधी गाडी बघितली, मग माझा मुलगा.

"आजी, हे कसं झालं?"

"टेम्पो रिकामा कर."

मीच वर चढले आणि ती नवी चाकं एकेक करून रस्त्यावर ढकलली. एक गडगडत गटारात गेलं. मग मालकानेही हात लावला. मुलाला घालून तळेगावला नेलं. सगळ्या वाटेत सून त्याच्या तोंडाशी कान लावून होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने कान काढला नाही, पण मध्ये दोनदा तिचं तोंड पांढरं पडलं.

दवाखान्यात सांगितलं, बरगड्या मोडल्यात, एकीने फुफ्फुस फाडलंय, रात्र निघाली तर बघू. डॉक्टरने आम्हाला बाहेर बसवलं. मालकही बसला. म्हणाला, "मोठी तबकडी होती, ती जमिनीला टेकली म्हणून गाडी तेवढ्यावर अडली, नाहीतर पुरी बसली असती."

मी म्हटलं, "लहान असती तर चाकं बसली असती, आणि गाडी पडलीच नसती."

गावातले लोक नंतर मालकाचंच बोलणं बोलले. बोलू देत.

रात्र निघाली. त्याच्या पुढच्याही निघाल्या. मुलगा जगला. त्याला आता चढ चढवत नाही, पण तो जगला.