हाताखालचा खांदा

आमच्या साडूंइतका डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो माझ्या नात्यात नाही एवढी देवाची कृपा. सासुरवाडीकडून माणसाला काय काय मिळतं. कुणाला दुभती म्हैस मिळते, कुणाला शहरातला मेव्हणा मिळतो. मला हे मिळाले, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडवणीत बसस्टँडच्या अलीकडे त्यांचं फोटोचं आणि बॅनरचं दुकान आहे. त्या दुकानात गिऱ्हाईक हसत जातं आणि भांडून बाहेर येतं. मी स्वतः तिथून भांडून बाहेर पडलो तो वर्षभर पुन्हा पायरी चढलो नाही. भांडण माझ्या आईच्या फोटोवरून झालं. आई गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा असा एकही फोटो नव्हता, आणि हा माणूस मला तो करून देईना. त्याबद्दल सांगणारच आहे, पण आधी हे गृहस्थ काय चीज आहेत ते कळल्याशिवाय माझा राग तुम्हाला पटायचा नाही.

त्यांचं काम म्हणजे माणसाच्या पाठीमागचं काढायचं. फोटोत मागे गोठा असतो, वाळत घातलेली लुगडी असतात, कुणाची तरी मोटारसायकल असते. ते सगळं कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं आणि माणूस तेवढा उचलून दुसरीकडे ठेवायचा. साधं काम. पण साडूंनी त्याचं व्रत करून ठेवलं आहे. माऊस धरून ते माणसाच्या कडेकडेने टिंब टिंब देत निघतात आणि कानापाशी आले की श्वास रोखतात. अशा वेळी तुम्ही "चहा घेता का?" एवढं जरी विचारलंत तरी "कान चाललाय!" म्हणून अंगावर येतात. सगळ्या मनुष्यजातीचे त्यांनी दोन भाग पाडले आहेत, सोप्या केसांची माणसं आणि अवघड केसांची माणसं. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोहे खाऊन झाले, माणसं जरा सैलावली, आणि हे भर बैठकीत मला म्हणाले, "गुर्जी, पोरगं चांगलं हाय, पण केस कुरळे हायत. कडा सापडायच्या न्हाईत." मुलाचे वडील माझ्याकडे बघायला लागले. सोयरीक जमली ते पोरीचं नशीब. पुढे लग्नाचा अल्बम द्यायला यांनी इतका वेळ लावला की तोवर जावयाचे पुढचे कुरळे केस गळूनही गेले होते.

आता तर हे काम एका बटणावर होतं. मोबाईलमध्ये फोटो टाकला की मागचं आपोआप गायब. शाळेतली पोरंसुद्धा करतात. हे मी साडूंना एकदा बोललो आणि तोंडघशी पडलो. त्यांनी उठून भिंतीवरचा एक फोटो माझ्यापुढे धरला. एक म्हातारा चुन्याच्या भिंतीपुढे उभा होता. पांढरी पैरण, पांढरं धोतर, पांढरी टोपी. त्याच्या नातवाने बटण दाबलं, आणि मशीनने भिंतीबरोबर पैरण, धोतर आणि टोपीही पुसून टाकली. उरला होता एक चेहरा, दोन हात आणि अधांतरी लोंबणारी काठी. कुणी मशीनची तारीफ केली की साडू हा फोटो त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "घ्या, तुमचं मशीन. आज्याला जित्तेपणी भूत केलं." त्या म्हाताऱ्याच्या घरचे दोनदा येऊन हात जोडून गेले, पण फोटो भिंतीवरून उतरलेला नाही.

बॅनरच्या बाबतीत तर विचारूच नका. एका कार्यकर्त्याला वाढदिवसाच्या बॅनरवर एका मोठ्या पुढाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं होतं. दोघांचे फोटो वेगवेगळे, भेट आयुष्यात झालेली नाही. त्यात काय, सगळेच करतात. साडूंनी दोन्ही फोटो निरखले आणि परत दिले. "तुमचं ऊन डावीकडून हाय, सायबांचं उजवीकडून. सूर्व्या एकच असतोय." कार्यकर्ता तापला. म्हणाला, "तुला काय करायचंय बे उन्हाशी?" हे म्हणाले, "मंग एकदा खरंच शेजारी उभं राहून या, मी लावतो." त्याने बॅनर दुसरीकडून करून घेतला. तर हा गृहस्थ दुकान बंद करून चौकात त्या बॅनरखाली जाऊन उभा, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सावल्या दाखवतोय. एकदा खुद्द त्या कार्यकर्त्यालाच धरून दाखवल्या. मधे मी पडलो म्हणून निभावलं.

पण त्यांचं खरं वैर आहे कोटाशी. मेलेल्या माणसाचा फोटो करायचा तर कॉम्प्युटरमध्ये कोट आणि टाय तयार असतात. जुन्या फोटोतलं मुंडकं तेवढं आणून वर बसवायचं. बायकांना रेशमी साडी तयार. आमच्या भागात कितीतरी घरांत गेलेले बाप, आजे, चुलते एकाच कोटात भिंतीवर बसलेले आहेत. साडू कोट करत नाहीत. "ज्यानं जल्मात गुंडी लावली न्हाई, त्येला मेल्यावर टाय? फास लावता का काय बापाला?" असं शोकाकुल माणसाच्या तोंडावर म्हणतात. एकदा मी दुकानात बसलेलो असताना शिरूर कासारकडचा एक जण आला. ऊसतोडीवरून तसाच आलेला, पायावरच्या कोयत्याच्या जखमेला फडकं बांधलेलं. बाप उसाच्या फडातच वारला होता. त्याने कोट मागितला. साडूंनी नेहमीचं सुरू केलं. तो माणूस सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाला, "त्येंला लई आवड होती कोटाची. जित्तेपणी न्हाई जमलं. आता तरी घालू द्या की." साडूंनी बापाचा फोटो मागून घेतला. मग दोन दिवस त्यांनी दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही. तयार कोट त्यांना त्या बापाच्या खांद्यांना बसतो असं वाटेना, म्हणून त्यांनी स्वतःचा लग्नातला कोट खुंटीला टांगून त्याचा फोटो काढला आणि तो चढवला. मला हे कबूल करताना राग येतो, पण तो फोटो फार सुंदर झाला होता.

अशा माणसाकडे मी आईचा फोटो घेऊन गेलो, ही माझीच चूक. आई फोटोला कधी उभी राहायची नाही. नातीच्या लग्नात फोटोवाला दिसला की स्वयंपाकाकडे पळायची. आधार कार्डावर एक चेहरा होता, पण त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होती. शेवटी शोधून शोधून एक सापडला, चुलतभावाच्या मुलाच्या बारशातला, कुणीतरी मोबाईलवर काढलेला. त्यात आई चक्क हसत होती. पण तिच्या शेजारी माझी काकू उभी होती, आईची धाकटी जाऊ, आणि काकूचा हात आईच्या डाव्या खांद्यावर होता. बारशानंतर वर्षभरातच बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून काकाचं आणि आमचं फाटलं. कोर्टात दावा गेला, बोलणं बंद झालं, आई गेली तेव्हाही त्या घरातून कुणी खांदा द्यायला आलं नाही. त्या घरातला हात मला माझ्या आईच्या अंगावर नको होता. तेराव्याला चार दिवस राहिले होते.

"काकूला काढा, आणि तिचा हातही काढा," मी साडूंना म्हणालो.

"काढतो. हाताखाली काय हाय?"

"काय असणार? खांदा."

"कसा?"

"कसा म्हणजे? सगळ्यांचा असतो तसा."

"गुर्जी, त्यो फोटूत न्हाई. मी बी कधी नीट बघितलेला न्हाई, त्या समोर आल्या की पदर घट्ट असायचा. तुमी सांगा. तुमच्या आईचा डावा खांदा सरळ होता का उतरता? उजव्याच्या वर होता का खाली? सांगा, आत्ता बनवतो."

वयाची पन्नाशी उलटलेली, जन्म त्या बाईच्या घरात गेलेला, आणि मला सांगता येईना. डोळे मिटून पाहिलं. तिचे हात दिसले, कपाळ दिसलं, खांदा दिसेना. ज्याला उत्तर येत नाही तो पोरगा वर्गात बाक वाजवतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी टेबल वाजवलं. म्हणालो, "कुणाचाही बसवा हो. कोण मोजायला येतंय?"

साडूंनी माऊस सोडला. "कुणाचाबी खांदा चालतोय, तर मंग तोंडबी कुणाचंबी लावा की. माझ्याकडं कशाला आलात?"

त्यानंतर आम्ही एकमेकांना जे बोललो ते दोघी बहिणींना अजून कळलेलं नाही, आणि कळू नये. मी तडक माजलगाव गाठलं. तिथल्या एका दुकानात पोराने चहा येईपर्यंत फोटो तयार केला. काकू गेली, हात गेला, आईला हिरवी रेशमी साडी आली आणि दोन्ही खांदे पाणसळ लावून बसवल्यासारखे सरळ आले. तेराव्याला सगळ्यांनी त्या फोटोला फुलं वाहिली. कुणी काही बोललं नाही. फक्त आमची ही एकदा पुटपुटली, "आत्याबाई असलं लुगडं कधी नेसल्या नव्हत्या." मी तिच्यावर खेकसलो. वर्षभर मी असाच खेकसत होतो. दिवाळीत सासुरवाडीला साडू ओसरीवर बसले की मी माडीवर, ते माडीवर आले की मी ओसरीवर.

वर्षश्राद्धाला काकू आली. एकटी. काका आला नाही. तिला दारात बघून माझं डोकं भडकलं, पण जेवणाच्या दिवशी आलेल्या माणसाला हाकलत नाहीत. तिने फोटोला हार घातला आणि तिथेच उभी राहिली. बराच वेळ झाला तेव्हा मीच जवळ गेलो.

"ही साडी कुणाची रे?"

"कॉम्प्युटरची."

"अन् खांदं?"

मी हार उगाच सरळ केला. ती म्हणाली, "आक्काचा डावा खांदा पार खाली आलता. सारा जल्म त्याच काखंत घागर. तिला लई वाईट वाटायचं त्याचं. म्हून तर ती फोटूला उभी न्हाई राहायची. बारशात पोरांनी लईच धरलं, तवा मला म्हणली, तू वर हात ठिव गं, झाकून जाईल. म्हून मी ठिवलता." मग तिने पानावर बसून दोन घास खाल्ले आणि गेली. लिंबाबद्दल ती बोलली नाही, मीही काढलं नाही.

ती गेल्यावर मी खोलीत जाऊन बसलो. राग कुणाचा करावा तेच कळेना. विहिरीवरून घरापर्यंत तिने आणलेल्या त्या घागरीतलं पाणी पिऊन मी मोठा झालो, शिकलो, दुसऱ्यांच्या पोरांना "निरीक्षण करा" म्हणून शिकवलं. आणि माझ्या आईचा एक खांदा वाकडा आहे हे मला पन्नास वर्षांत दिसलं नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडूंच्या दुकानाची पायरी चढलो. ते कुणाच्या तरी कानापाशी होते. त्यांनी वर पाहिलं नाही, मी बसलो नाही.

"खाली होता," मी म्हणालो. "डावा. काखेत घागर धरून धरून उतरला होता."

आधी कान पुरा झाला. मग त्यांनी एक फाईल उघडली. आई होती. मागचं बारसं, पाळणा, माणसं, सगळं काढलेलं. कपाळावरची पांढरी बट केस न केस सोडवलेली. काकू नव्हती, पण काकूचा हात कोपरापर्यंत ठेवला होता, बांगड्यांसकट. गेल्या वर्षी आमचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे करून ठेवलं होतं, आणि वर्षभर मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. याचा मला नव्याने राग आला.

"आता माहीत झालाय तर बनवा खांदा," मी म्हणालो. "उतरताच बनवा. होता तसा."

साडूंनी चष्मा काढला. पहिल्यांदाच ते माझ्याशी आवाज न चढवता बोलले. "गुर्जी, त्या माउलीनं त्यो झाकून घेतलता. आपून उघडा कशाला करायचा?"

हिरव्या साडीचा फोटो मी उतरवला. आता तिथे हा आहे. आई हसते आहे आणि तिच्या खांद्यावर एक हात आहे. येणारे विचारतात, हात कुणाचा? मी काकूचा म्हणून सांगतो, तेव्हा ते चमकतात, कारण लिंबाचा दावा अजून चालूच आहे. साडूंवर मी अजूनही चिडतो, आणि ते चिडण्यासारखं वागणं सोडत नाहीत. पण तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दोन्हीकडची माणसं समोरासमोर बाकांवर बसतो, काका तोंड फिरवून घेतो, वकील मला काहीतरी समजावत असतो, आणि माझं सगळं लक्ष काकूच्या मांडीवर ठेवलेल्या, फोटोतल्या त्याच उजव्या हाताकडे असतं. उठावं आणि त्या हातावर डोकं ठेवावं असं दर वेळी वाटतं. तेवढ्यात पुढची तारीख पडते आणि आम्ही आपापल्या वाटेने घरी जातो.